‘सेल्फ’ आणणारा माणूस: चार्ल्स केटरिंग आणि गाडीतला बॅटरीचा दिवा

मोबाईलची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की आपण लगेच चार्जर शोधायला लागतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपलं वागणं वेगळंच असतं. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लागतं, क्षणभर छातीत धस्स होतं, पण पुढच्या सिग्नलपर्यंत ते विझतं आणि आपणही विसरून जातो. तीन दिवसांनी ते पुन्हा लागतं. गाडी गॅरेजला न्यावी तर तिथे नेमकं काहीच दिसत नाही. मग अंदाजाने नवी बॅटरी बसवली जाते, काही हजार रुपये जातात, आणि महिन्याभरात तेच चिन्ह पुन्हा हजर!

कधी लागणारा आणि कधी विझणारा हा इशारा फार फसवा असतो. तो समजून घ्यायचा असेल तर आधी एक साधा प्रश्न विचारूया. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत बॅटरी आली कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एका माणसाचं आयुष्य आहे. त्यांचं नाव चार्ल्स केटरिंग. आपण जे ‘सेल्फ मार’ म्हणतो ना, तो सेल्फ रोजच्या वापरातल्या मोटारीत त्यांच्यामुळे आला. बिघाड कुठे आहे हे अंदाजाने न ठरवता मोजून शोधायचं, यात त्यांचा हातखंडा होता. पण त्यांच्या आयुष्यात एक इशारा असाही आला, जो त्यांनी मनावर घेतला नाही. त्याची किंमत पुढे सगळ्या जगाने मोजली. म्हणून ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखी आहे.

अधू डोळे आणि टेलिफोनच्या तारा

चार्ल्स केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. मुलगा हुशार होता, पण डोळे अधू. थोडं वाचलं की डोकं दुखायला लागायचं. शाळा संपल्यावर काही काळ त्याने खेड्यातल्या शाळेत मुलांना शिकवलं आणि मग कॉलेजात नाव घातलं. डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सुटलं.

मग त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. पुढे तो त्या टोळीचा मुकादम झाला. उघड्यावरच्या या कामाने तब्येतही सुधारली. मग तो पुन्हा ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. सोबतची मुलं त्याला पुस्तकं वाचून दाखवायची आणि तो ऐकून अभ्यास करायचा. १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो विजेचा इंजिनिअर झाला.

टेलिफोनच्या तारांचं काम एक गोष्ट शिकवतं. लाईनच्या दोन्ही टोकांचे फोन ठणठणीत असू शकतात आणि तरीही आवाज पोचत नाही, कारण मधला एखादा जोड सैल झालेला असतो. वारा आला की संपर्क तुटतो, वारा पडला की सगळं ठीक.

*तुमच्या गाडीत:* येणाऱ्या-जाणाऱ्या बॅटरी इशाऱ्यामागे बऱ्याचदा असाच सैल जोड असतो. बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलकडे नीट बघा. त्यांवर पांढरी किंवा निळसर-हिरवी पूड साचलीय का? इंजिन बंद असताना टर्मिनलचा क्लॅम्प हाताने हलवून बघा. तो जरासुद्धा फिरत असेल तर गुन्हेगार बहुतेक सापडला. मग काळ्या जाड वायरीचा माग घ्या. ती गाडीच्या बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने जोडलेली असते, त्या जागेला अर्थिंग म्हणतात. तिथे गंज चढला की खड्ड्यात गाडी आदळल्यावर दिवा लागतो आणि सपाट रस्त्यावर विझतो. बॅटरी नवी असली तरीही!

गल्ल्यातली छोटी मोटर

शिक्षण संपल्यावर केटरिंग डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत लागले. दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणारी ही कंपनी. हेच एनसीआर नाव पुढे एटीएम यंत्रांमुळे आपल्याकडेही ओळखीचं झालं. त्या काळी गल्ल्याचं यंत्र हाताने चालवावं लागे. केटरिंग यांच्यावर काम आलं ते यंत्र विजेवर चालवण्याचं.

अडचण अशी होती की एवढं जड यंत्र फिरवायला मोठी मोटर लागेल, आणि मोठी मोटर यंत्रात मावणार नाही. केटरिंग यांनी प्रश्न थोडा फिरवून बघितला. गल्ला दिवसभर अखंड चालत नाही. एका गिऱ्हाईकासाठी तो क्षणभर फिरतो आणि मग थांबतो. म्हणजे मोटर छोटी असली तरी चालेल. तिच्याकडून क्षणभर तिच्या ताकदीपलीकडचं काम करून घ्यायचं आणि मग तिला थंड होऊ द्यायचं. विजेवर चालणारा गल्ला तयार झाला, आणि हीच युक्ती काही वर्षांनी मोटारगाडीत कामाला आली.

धान्याच्या कोठारातली कंपनी

कंपनीतले वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होतं. केटरिंग आणि काही सहकारी नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारगाड्यांच्या इग्निशनवर प्रयोग करायचे. इग्निशन म्हणजे पेट्रोलचा भडका उडवणारी ठिणगी पाडणारी यंत्रणा. त्यांची यंत्रणा कॅडिलॅक कंपनीने पसंत केली. १९०९ मध्ये केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्यासोबत डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव पडलं.

कॉइल आणि पॉइंट असलेली ती इग्निशन पुढे अनेक दशकं जगभर वापरात राहिली. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि पद्मिनी गाड्यांतही पॉइंटच होते. घरातल्या मोठ्यांना विचारा, गाडी अडली की पॉइंट साफ करण्याचा कार्यक्रम त्यांना नक्की आठवत असेल.

पण गाडी सुरू कशी करायची? तर पुढे उभं राहून लोखंडी हँडल जोर लावून फिरवायचं. आपल्याकडे जुन्या ट्रकना आणि जीपनाही हँडल मारावं लागायचं. इंजिनने उलटा झटका दिला की हँडल सणकन मागे यायचं आणि मनगट मोडायचं. बायरन कार्टर हे स्वतः मोटारी बनवणारे गृहस्थ १९०८ मध्ये वारले. दुसऱ्याची बंद पडलेली गाडी सुरू करून देताना त्यांना हँडलचा फटका बसला आणि त्याच दुखण्यातून ते गेले, अशी गोष्ट मोटारींच्या इतिहासात सांगितली जाते. ते कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे मित्र होते. हँडल घालवायचंच, असं लेलँड यांनी ठरवलं आणि काम डेल्कोकडे आलं.

काही सेकंदांची मोटर

इंजिन फिरवेल एवढी ताकदवान मोटर बॉनेटखाली मावणार नाही आणि तिला पुरेल एवढी बॅटरी गाडीला झेपणार नाही, असा तेव्हाचा समज होता. केटरिंग यांना गल्ला आठवला. इंजिन सुरू व्हायला फक्त काही सेकंद पुरतात. तेवढ्यापुरता छोट्या मोटरवर प्रचंड भार टाकायचा, आणि इंजिनने दम धरला की तिला सोडून द्यायचं.

त्यांची दुसरी कल्पना तर याहून मोठी होती. इंजिन एकदा चालू झालं की त्यानेच मोटर फिरवायची. मग ती मोटर डायनामो होते आणि खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरते. शिवाय तीच बॅटरी दिवे आणि इग्निशनही चालवते. फेब्रुवारी १९११ मध्ये ही यंत्रणा कॅडिलॅकवर चालवून दाखवली गेली आणि १९१२ च्या मॉडेलपासून ती विक्रीला आली.

याचा परिणाम फार मोठा झाला. तोवर अंगमेहनत नको असलेले लोक विजेवर चालणाऱ्या मोटारी घेत, कारण त्यांना हँडल नसायचं. सेल्फ आल्यावर पेट्रोलच्या गाडीची मोठी अडचण संपली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीलाही १९१९ पासून सेल्फ मिळू लागला. म्हणजे गंमत बघा, एका बॅटरीनेच बॅटरीवरच्या गाड्यांना बाजारातून बाहेर ढकलायला मदत केली.

*तुमच्या गाडीत:* छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा क्षणभरासाठी शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. हेडलाइटचा एक साधा बल्ब पाचच्या आसपास अँपिअर घेतो, त्यावरून अंदाज करा. त्यामुळे बॅटरीची खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी रात्रभर उभी असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी भरलेली, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकड्याकडे बघा. तो दहाच्या आसपास टिकला तर ठीक. साडेनऊच्या खाली कोसळत असेल, आणि बॅटरी आधी पूर्ण भरलेली असेल, तर बॅटरी थकली आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारत बसू नका. ती मोटर काही सेकंदांसाठीच बनवलेली आहे.

बॅटरी हे उगमस्थान नाही

केटरिंग यांच्या यंत्रणेतली महत्त्वाची गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. मोबाईलमध्ये बॅटरी हाच विजेचा साठा, आणि तो संपला की खेळ संपला. गाडीत एक चक्र असतं. बॅटरी सेल्फला वीज देते, सेल्फ इंजिन फिरवतो, इंजिन बेल्टच्या मदतीने अल्टरनेटर फिरवतं, आणि अल्टरनेटर बॅटरी भरतो. डायनामोची जागा आज अल्टरनेटरने घेतली, पण चक्र तेच आहे.

म्हणून दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी दोष चक्रात कुठेही असू शकतो. किंबहुना, इंजिन चालू असताना लाल दिवा लागला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा चार्जिंग नीट होत नाहीये असा असतो.

*तुमच्या गाडीत:* इंजिन चालू ठेवून पुन्हा व्होल्टेज मोजा. साधारणपणे १३.८ ते १४.५ दिसायला हवं. आता हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करा. आकडा थोडा उतरून सावरला तर ठीक. पण १२.५ च्या खाली घसरत राहिला तर अल्टरनेटर, त्याचा रेग्युलेटर किंवा बेल्ट तपासायला हवा. पावसात दिवा लागतो आणि सोबत किंचाळल्यासारखा आवाज येतो? मग ओला झालेला सैल बेल्ट घसरत असेल. एक सूचना लक्षात ठेवा, नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर कॉम्प्युटरचं नियंत्रण असतं. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम कमी चार्ज करतो, त्यामुळे एकाच आकड्यावरून निकाल लावू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघण्याचा जुना प्रयोग अजिबात करू नका. व्होल्टेज एकदम उसळून गाडीतले कॉम्प्युटर जळू शकतात.

खोटा आरोपी

आता केटरिंग यांच्या आयुष्यातला तो भाग, जो बॅटरीच्या दिव्याशी अगदी जुळतो. त्यांची बॅटरीवरची इग्निशन आल्यानंतर गाड्यांच्या इंजिनांतून ठकठक आवाज येण्याच्या तक्रारी वाढल्या. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर ताकद कमी व्हायची, कधी इंजिनाचं नुकसानही व्हायचं. बोट लगेच नव्या गोष्टीकडे गेलं. दोष या बॅटरी इग्निशनचाच, असं लोक म्हणू लागले.

केटरिंग चिडले असतील, पण वाद घालत बसले नाहीत. १९१६ मध्ये त्यांच्याकडे थॉमस मिजली नावाचा तरुण इंजिनिअर आला आणि त्याच्यावर हे काम सोपवलं गेलं. इंजिनच्या आत नेमकं काय चाललंय हे दिसावं म्हणून दाब नोंदवणारं वेगवान उपकरण बनवलं. त्यात दिसलं की ठिणगी वेळेवर पडते, आणि दाबाची ती भयंकर उसळी ठिणगीच्या नंतर येते. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता, इंधन जळण्याच्या पद्धतीत होता.

याच शोधात एक मजेदार प्रसंग घडला. एका रानफुलाच्या झुडपाची पानं लालसर असतात आणि ते बर्फातही लवकर फुलतं. मग इंधन लाल रंगाचं केलं तर ते उष्णता लवकर शोषून नीट जळेल का? असा विचार करून त्यांनी लाल रंग शोधला. हाताशी आयोडीन होतं, ते मिसळलं, आणि खरंच नॉकिंग कमी झालं! दुसरा कुणी असता तर तिथेच पेढे वाटले असते. यांनी मात्र खरे लाल रंग आणून पुन्हा प्रयोग केला. काही फरक पडला नाही. म्हणजे उपाय लागू पडला होता, पण कारण चुकीचं होतं. रंगाचा काही संबंध नव्हता, आयोडीनचा होता.

*तुमच्या गाडीत:* नवी बॅटरी बसवल्यावर दिवा विझला म्हणजे जुनी बॅटरी खराब होती, असं सिद्ध होत नाही. नवी बॅटरी पूर्ण भरलेली असते, त्यामुळे चार्जिंगचा दोष ती काही दिवस किंवा आठवडे झाकून ठेवते. दोषी अल्टरनेटर असेल तर तो नव्या बॅटरीलाही उपाशी ठेवणार. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलाच्या आधी व नंतर मोजा.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर आरोपी आणखी वेगळा असतो. गाडी लॉक केल्यावरही अलार्म आणि कॉम्प्युटर थोडी वीज घेतात. गाडी ‘झोपल्यावर’ हा प्रवाह साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असावा. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टिम चुकीच्या वायरीवर जोडली तर तो ०.५ अँपिअरही होऊ शकतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी मग ९० तासांत, म्हणजे चार दिवसांच्या आत रिकामी. सेल्फ तर त्याच्या आधीच नकार देईल. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवत असाल तरीही हाच त्रास होतो, कारण सेल्फने घेतलेली वीज परत भरायला वेळच मिळत नाही.

हार मान्य करणारा संशोधक

डेल्को पुढे जनरल मोटर्सच्या पंखाखाली गेली आणि केटरिंग त्या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९२३ मध्ये त्यांची एक मोठी योजना फसली. पाण्याऐवजी हवेने आणि तांब्याच्या पट्ट्यांनी थंड होणारं इंजिन त्यांनी शेवरोले गाडीसाठी बनवलं होतं. प्रयोगशाळेत चाललं, पण रस्त्यावर तक्रारी आल्या. विकलेल्या गाड्या कंपनीने परत मागवल्या. केटरिंग इतके निराश झाले की राजीनामा द्यायला निघाले. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना थांबवलं. प्रयोगशाळेतली चाचणी आणि रस्त्यावरचं सत्य यांत अंतर असतं, हे सगळ्यांना कळलं. दिवा गॅरेजमध्ये लागत नाही आणि घाटात लागतो, याचं कारणही तेच आहे.

विझलेला दिवा

आणि आता ती दुसरी बाजू. नॉकिंगवर उपाय शोधताना ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली यांच्या गटाला टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग सापडलं. अगदी थोडं मिसळलं तरी नॉकिंग गायब. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्ये असं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव दिलं ‘एथिल’, म्हणजे त्यात शिशाचा उल्लेखच नाही.

शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं. मिजली स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, आणि इतर अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. दुसऱ्या ठिकाणीही मृत्यू झाले. डॉ. अॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठातले यांडेल हेंडरसन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी उघडपणे धोक्याचा इशारा दिला. मे १९२५ मध्ये विक्री थांबली. दिवा लाल झाला होता.

केटरिंग एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष होते. त्यांनी या इंधनाची बाजू लावून धरली. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होतं, हे त्यांच्याच प्रयोगशाळेला ठाऊक होतं. पण शिसं स्वस्त पडत होतं, पेटंटही मिळत होतं. सरकारी समितीने थोड्या काळाच्या तपासणीवरून बंदीची गरज नसल्याचं म्हटलं आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. दिवा विझला, म्हणून दोष गेला असं धरलं गेलं.

दोष कुठेच गेला नव्हता. गाड्यांच्या धुरातून शिसं जगभरच्या हवेत आणि मातीत पसरत राहिलं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, हे पुढच्या दशकांत पक्कं सिद्ध झालं. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये. आज आपल्या पंपावर जे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच.

स्वतःच्या इग्निशनवर आरोप झाला तेव्हा केटरिंग यांनी मोजमाप मागितलं होतं. स्वतःच्या इंधनावर आरोप झाला तेव्हा मात्र त्यांनी तितकं कडक मोजमाप मागितलं नाही. इतका हुशार माणूस इथे चुकला, कारण त्याला हवं ते उत्तर समोर तयार होतं.

शेवटची वर्षं

केटरिंग यांचं काम पुढेही चालू राहिलं. त्यांच्या विभागाने हलकी आणि ताकदवान दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनं तयार केली. १९३४ मध्ये अमेरिकेत धावलेल्या झेफिर नावाच्या रेल्वेगाडीत तसंच इंजिन होतं, आणि वाफेच्या इंजिनांचे दिवस संपायला तिथून वेग आला. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने कर्करोगावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. आजही ती जगातल्या नावाजलेल्या संस्थांपैकी एक आहे. १९४७ मध्ये ते निवृत्त झाले. डेटनजवळच्या गावाने १९५० च्या दशकात स्वतःचं नावच केटरिंग ठेवलं. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या नावावर १८०हून जास्त पेटंट होती.

त्यांच्या इग्निशनची जागा आता इलेक्ट्रॉनिक्सने घेतली. शिसंही पेट्रोलमधून गेलं. पण बॅटरी, सेल्फ आणि चार्जिंग यांचं चक्र पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत टिकून आहे. इतकंच काय, बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

पुढच्या वेळी दिवा लागला तर

१. आधी संदेश नीट वाचा. कधीकधी स्क्रीनवरचा संदेश गाडीच्या बॅटरीबद्दल नसून चावीतल्या छोट्या बटण सेलबद्दल असतो. तो सेल बदलला की काम झालं.

२. मोबाईलमध्ये नोंद करा: तारीख, इंजिन चालू होतं की बंद, पाऊस, खड्डा, एसी, हेडलाइट, गाडी किती दिवस उभी होती. शक्य असेल तर सोबतच्याला दिव्याचा फोटो काढायला सांगा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतलं साम्य दिसायला लागतं.

३. इंजिन चालू असताना लाल दिवा लागून राहिला तर एसी आणि म्युझिक बंद करा आणि जवळच्या गॅरेजकडे चला. सोबत इंजिन तापल्याचा इशारा आला किंवा स्टिअरिंग जड झालं तर बेल्ट तुटलेला असू शकतो. लगेच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

४. आधी टर्मिनल आणि अर्थिंग साफ व घट्ट करा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, वायर काढताना आधी निगेटिव्ह काढा आणि लावताना ती शेवटी लावा. बॅटरीजवळ ठिणगी किंवा सिगारेट नको, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू निघू शकतो.

५. मग तीन आकडे घ्या: गाडी उभी असताना, सेल्फ मारताना, आणि इंजिन चालू असताना. हे आकडे आणि तुमची नोंद मेकॅनिकला दाखवा. बॅटरी बदलायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.

आणि एक गोष्ट. दिवा आपोआप विझला तर नोंद पुसू नका. तो का लागला होता हे सापडेपर्यंत शोध चालू ठेवा.